चेहरा आला, हात मागे राहिले

जून १९८० मध्ये 'ऑम्नी' या अमेरिकन मासिकात मार्व्हिन मिन्स्की यांचा 'टेलिप्रेझेन्स' हा निबंध प्रसिद्ध झाला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील हे प्राध्यापक कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शास्त्राचे एक आद्य प्रवर्तक होत. दूर असूनही हजर असणे, या कल्पनेला आज जे नाव रूढ आहे ते याच निबंधाने प्रचारात आणले. आता चाकांवर चालणारी, दांड्यावर पडदा बसवलेली यंत्रे परदेशी इस्पितळांतून हिंडू लागली आहेत. पडद्यावर दूरच्या माणसाचा चेहरा दिसतो, त्याचा आवाज ऐकू येतो, आणि तो आपल्या जागी बसून ते यंत्र खोलीत फिरवतो. आजाऱ्यांच्या भेटीचे काम ज्यांच्याकडे सोपवलेले आहे, त्या आपण सर्वांनी हा निबंध पुन्हा वाचणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

निबंधात चेहऱ्याला फारसे स्थान नाही. तेथे सारा विचार हातांचा आहे. कामकऱ्याने संवेदक बसवलेले जाकीट चढवावे. त्याच्या बाहूंची व बोटांची प्रत्येक हालचाल दूरच्या यांत्रिक हातांनी तशीच करावी, आणि त्या हातांना जे जाणवेल ते याच्या बोटांनाही जाणवावे, असे मिन्स्कींचे कल्पनाचित्र आहे. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या १९४२ सालच्या 'वाल्डो' या कथेचे ऋण ते मान्य करतात. थ्री माइल आयलंड येथील अणुवीज केंद्रातला १९७९ चा अपघात तेव्हा ताजा होता. जेथे जाणे माणसाच्या जिवावर बेतते तेथे त्याचे कसब तेवढे जावे, ही त्यांची तळमळ आदरणीय आहे.

तथापि निबंधाची उणीवही येथेच आहे. हजेरीचा विचार तो केवळ जाणाऱ्याच्या बाजूने करतो. 'आपण तेथे आहोत' असे जाणाऱ्याला वाटले की हजेरी सिद्ध झाली! अणुभट्टीत हे पुरेसे आहे. कारण तेथे कोणी आपली वाट पाहत नसते. आजाऱ्याच्या खोलीत मात्र कोणीतरी वाट पाहत असते, आणि 'कोणी आले' हे ठरवण्याचा अधिकार त्याचा आहे.

मार्च २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील एका इस्पितळात ७८ वर्षांच्या एका रुग्णाच्या खोलीत असे यंत्र आले. आता उपाय उरला नाही, हे पडद्यावरील डॉक्टरांनी त्यांना सांगितले. रुग्णाला एका कानाने नीट ऐकू येत नव्हते आणि यंत्राला खाटेच्या पलीकडे जाता येईना. तेव्हा जवळ असलेल्या नातीला ते शब्द आजोबांना पुन्हा सांगावे लागले. याआधी डॉक्टरांनी समक्ष भेटी घेतल्या होत्या, असे इस्पितळाने नंतर सांगितले व खेदही व्यक्त केला. ते आम्ही मान्य करतो. पण खाटेला वळसा घालून दुसऱ्या कानाशी वाकण्याचे साधे काम यंत्राला जमले नाही. ते नातीने केले.

उलट उदाहरणही दिले पाहिजे. टोकियोतील निहोनबाशी भागात ओरी लॅबोरेटरीने जून २०२१ मध्ये 'डॉन' नावाचे उपाहारगृह उघडले. गंभीर व्याधींमुळे घराबाहेर पडू न शकणारी माणसे तेथील 'ओरिहिमे' यंत्रांकरवी पाहुण्यांचे स्वागत करतात, त्यांच्याशी बोलतात. मोठी यंत्रे पेयही आणून देतात. मिन्स्कींचे हात येथे थोडेफार लाभले, आणि तेही ज्याला उठता येत नाही त्याला. म्हणून आमची कसोटी अशी : यंत्र असमर्थाला सेवेचे दार उघडते, की समर्थाचे येणे वाचवते?

कफर्णहूमच्या शताधिपतीच्या चाकराला प्रभूने दुरूनच बरे केले (मत्तय ८:५-१३), असा आक्षेप कोणी घेईल. परंतु प्रभू तर स्वतः येण्यास सिद्ध झाला होता. आपण अपात्र आहोत म्हणून त्याला थांबवले ते शताधिपतीने. पौल आपण देहाने दूर असल्याचे कबूल करतो (कलस्सै २:५), पण त्याच पत्राबरोबर तो तुखिकाला पाठवतो, आणि लोकांना धीर देण्याचे काम तुखिकावर सोपवतो (४:७-८). कागद व शाई पुरेशी नाही, समक्ष भेट हवी, हीच ओढ योहानाच्या दुसऱ्या पत्रात आहे (१२). याकोब तर आजाऱ्याला मंडळीच्या वडिलांना बोलावण्यास सांगतो (५:१४). आणि तेल पडद्यातून लावता येत नाही. इंटरनेटवर संस्कार होत नाहीत, हे व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्क परिषदेने २००२ सालीच स्पष्ट केले आहे.

यावरून यंत्र त्याज्य ठरते असे आमचे म्हणणे नाही. पत्र जसे पौलाला उपयोगी पडले, तसे हेही पडेल. एका धर्मगुरूकडे अनेक गावे असतात, आणि आजारी माणूस थांबू शकत नाही, हे आम्ही जाणतो. मात्र असे साधन आपल्या धर्मग्रामात आले, तर ते खोलीत एकटे जाऊ नये. पत्राबरोबर तुखिक गेला, तसा यंत्राबरोबर धर्मशिक्षक जावा : ऐकू न आलेले शब्द पुन्हा सांगण्यासाठी, उशी सारखी करण्यासाठी, हात हातात घेण्यासाठी. ही दुय्यम कामगिरी आहे असे कोणत्याही धर्मशिक्षकाने मानू नये. आणि पडद्यावरून प्रार्थना करणाऱ्या धर्मगुरूने, आपण प्रत्यक्ष केव्हा येऊ, हे त्या आजाऱ्याला त्याच वेळी सांगावे, व त्या दिवशी जावे.