दीडशेला एक कमी

क्रिकेटची चर्चा आमच्या घरात दिवाळीच्या फराळाइतकीच जुनी आहे. गेल्या नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान आटोपून आम्ही फराळाला बसलो, तेव्हा माझ्या नातवाने मला चांगलेच अडवले. "आजोबा, तुम्ही सारखे सुभाष गुप्ते, सुभाष गुप्ते करता, पण त्यांचे बळी १४९ च. कुंबळेंचे ६१९ आहेत!" आकड्यापुढे म्हाताऱ्याने काय बोलावे? मी मुकाट्याने चकली मोडली. पण तो प्रश्न वर्षभर मनात राहिला. त्याचे उत्तर आज उशिरा का होईना, देतो आहे.

प्रथम आकडे मान्य करू. १९२९ साली मुंबईत जन्मलेले गुप्ते १९५१ च्या अखेरीस कलकत्त्यात पहिली कसोटी खेळले आणि १९६१ च्या डिसेंबरात दिल्लीला शेवटची. ३६ कसोट्या, १४९ बळी, सरासरी साडेएकोणतीस. १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात त्यांनी २७ बळी घेतले, तेही वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट हे तिघे ऐन बहरात असताना. १९५५-५६ साली न्यूझीलंडविरुद्ध पाच कसोट्यांत ३४. कुंबळेंची थोरवी याने कमी होत नाही. त्यांच्या नावापुढे १३२ कसोट्या आहेत आणि दर सामन्याचा हिशेब केला तरी तेच पुढे राहतात. तेव्हा वाद आकड्यांचा नाही. वाद आहे तो त्या आकड्यांत काय मावत नाही याचा.

१९५८ साली मी शाळकरी पोर होतो. काकांचे बोट धरून ब्रेबोर्न स्टेडियमवर वेस्ट इंडीजची कसोटी पाहायला गेलो. गुप्ते मूर्तीने लहान. चार पावले यायचे, मनगट वळायचे आणि चेंडू फलंदाजाच्या नजरेवरून वर चढायचा. तो तिथे क्षणभर थांबल्यासारखा वाटे. फलंदाज पाय पुढे टाकी आणि चेंडू त्याच्या अंदाजाच्या अलीकडेच टप्पा घेई. काका म्हणाले, "बघ, हा बाद करत नाही, जेवायला बोलावतो." लेगस्पिनचे याहून नेमके वर्णन मी पुढे कुठे वाचले नाही. गॅरी सोबर्स यांनी तर आपण पाहिलेल्या लेगस्पिनरांत गुप्त्यांना शेन वॉर्नच्याही वर ठेवले.

पण जेवायला बोलावण्यातच या कलेची पराधीनता आहे. वेगवान गोलंदाज यष्ट्या उडवून मोकळा होतो. चेंडूला उंची देणारा फिरकी गोलंदाज फलंदाजाला चूक करायला लावतो, आणि ती चूक झेलायला दुसऱ्या कोणाचे तरी हात लागतात. गवई कितीही तयारीचा असला तरी तबलजीने समेवर हात टाकायला हवाच. गुप्त्यांच्या काळी आमच्या संघात ही साथ बेताची होती. पुढे बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन यांना बॅटीशेजारी एकनाथ सोलकर मिळाला, ज्याने २७ कसोट्यांत ५३ झेल घेतले. गुप्त्यांना सोलकर मिळाला नाही.

याच मोसमात कानपूरला त्यांनी १०२ धावांत ९ गडी बाद केले. एका डावात ९ कसोटी बळी घेणारे ते पहिले भारतीय. उरलेला एक वसंत रांजण्यांना मिळाला. यष्टिरक्षकाच्या हातून एक झेल निसटला नसता तर दहाही त्यांचेच झाले असते, असे सांगतात. मात्र समीक्षकाने पुढचेही सांगितले पाहिजे. पहिल्या डावात ४ धावांवर गेलेल्या सोबर्सनी दुसऱ्या डावात १९८ काढल्या आणि सामना आपण २०३ धावांनी हरलो. पुढच्याच वर्षी त्याच मैदानावर जसू पटेलांनी ऑस्ट्रेलियाचे ९ गडी ६९ धावांत टिपले, आपण जिंकलो आणि लोकांच्या ओठी पटेलांचे नाव बसले. जगाची स्मृती विजयाच्या मागून चालते.

गुप्त्यांचे दोषही होते. झेल सुटू लागले की त्यांचा उत्साह ओसरे, मार बसू लागे. त्या वेस्ट इंडीज मालिकेत २२ बळी मिळाले खरे, पण प्रत्येकी ४२ च्या आसपास धावा मोजून. हे मी लपवत नाही. पण त्या एका मालिकेत आपल्याकडे चार कर्णधार झाले, हेही विसरू नये. घराचा कारभारी रोज बदलला तर स्वयंपाक्याने कोणाच्या चवीने रांधावे?

आणि शेवट? १९६१ साली इंग्लंडविरुद्ध कानपूरला त्यांनी एका डावात पुन्हा ५ बळी घेतले. त्यानंतरच्या दिल्लीच्या कसोटीवेळी हॉटेलात त्यांच्या खोलीतल्या सहकाऱ्याने स्वागतिकेला फोन करून भेटीचे निमंत्रण दिले. तिने तक्रार केली. गुप्त्यांचा अपराध एवढाच, की खोली त्यांचीही होती. दोघेही संघाबाहेर गेले. सहकारी पुढे पुन्हा कसोटी खेळला. गुप्ते कधीच नाही. वय अवघे बत्तीस. १९६२ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात आपण पाचही कसोट्या हरलो आणि त्या बेटांवर नाव कमावलेला हा गोलंदाज त्या संघात नव्हता.

१९५३ च्या दौऱ्यात भेटलेल्या त्रिनिदादच्या कॅरोलशी त्यांनी लग्न केले होते. पुढे तिथेच बिऱ्हाड थाटले आणि २००२ साली तिथेच देह ठेवला. मुंबईचा हा कलावंत परगावीच अधिक मानला गेला, याची मला लाज वाटते.

यंदा नातू फराळाला येईल तेव्हा त्याला सांगणार आहे, बाळ, १४९ हा आकडा खरा आहे. त्यात सुटलेले झेल आणि न मिळालेले सामने मात्र लिहिलेले नसतात. ते आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना तोंडाने सांगावे लागतात, म्हणून तर मी सारखे सारखे सांगतो.