'चाकाची खुर्ची': साहाय्यकांच्या प्रशिक्षणाच्या दृष्टीने पुनर्वाचन

नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन बहुधा जिद्दीची कहाणी म्हणून वाचले जाते. वयाच्या सोळाव्या वर्षी कमरेखालचे शरीर लुळे पडणे आणि पुढे १९८४ मध्ये कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड' ही संस्था उभी करणे, हा प्रवास प्रेरक आहेच. तथापि प्रेरणेपाशी थांबणारे वाचन या आत्मकथनाचे दुसरे मूल्य दृष्टिआड करते. मदत कशी करावी, हे ज्याला मदत घ्यावी लागते त्याच्याकडून शिकता येते, याचा तो मराठीतील एक महत्त्वाचा दाखला आहे.

या जीवनप्रवासाला कलाटणी देणारे बाबूकाका दिवाण स्वतः चाकाच्या खुर्चीवर होते, ही बाब अर्थपूर्ण आहे. कमरेखालची संवेदना गेलेल्या व्यक्तीला अंगाखाली होणारी जखम जाणवत नाही. म्हणून तिची स्थिती वारंवार बदलावी लागते, हे पाठ्यपुस्तक सांगते. परंतु उचलण्यापूर्वी विचारावे, कोठे धरावे आणि कोठे हात लावू नये, हे ती व्यक्तीच सांगू शकते. संस्थेच्या नावात 'मदतकर्ते' अग्रभागी असले, तरी संस्थापिका स्वतः मदत घेणारी होती. देणारा आणि घेणारा ही रूढ विभागणी येथे मोडते.

अर्थात या दृष्टिकोनाला मर्यादाही आहेत. आत्मकथन लिहिणारी व्यक्ती शब्दसमर्थ असते. बौद्धिक अपंगत्व असणाऱ्यांचा अनुभव ग्रंथरूपाने क्वचितच येतो. त्यांचे म्हणणे समजून घेण्यासाठी चित्रे, सोपी वाक्ये आणि पुरेसा वेळ लागतो. पालक वा शिक्षक त्यांच्या वतीने बोलू लागले की त्यांचा स्वतःचा आवाज मागे पडतो. एका यशस्वी आत्मकथनाला सर्वांचे प्रतिनिधी मानणे म्हणूनच धोक्याचे आहे.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील कलम ४७ काळजीवाहकांच्या प्रशिक्षणाचा विचार करते. परंतु शिकवणार कोण, हा प्रश्न केवळ प्रशिक्षणाच्या तरतुदीने सुटत नाही. उद्घाटनाच्या दिवशी एका अपंग वक्त्याचा सत्कार करून उरलेला अभ्यासक्रम इतरांनीच शिकवणे, हा सहभाग नव्हे. अभ्यासक्रमाच्या आखणीत, मानधनासह अध्यापनात आणि प्रशिक्षणार्थींच्या मूल्यमापनात अपंग व्यक्तींना स्थान हवे. साहाय्यक उत्तीर्ण झाला की नाही, हे ठरविताना ज्याला त्याने उचलले त्याचे मत विचारात घेतले जात नसेल, तर ती परीक्षा अपुरी ठरते.