‘डॅमेजेस’चे दुसरे पर्व आणि समीक्षकांचा निवाडा

२००७ सालच्या जुलै महिन्यात एफएक्स या अमेरिकन वाहिनीवर ‘डॅमेजेस’ ही मालिका सुरू झाली आणि ऑक्टोबरात तिच्या पहिल्या पर्वाचे तेरा भाग संपले, तेव्हा वकिली पेशाभोवती गुंफलेल्या रहस्यकथेत काही तरी नवे आणि कसदार घडले आहे याविषयी तेथील समीक्षकवर्गात फारसा मतभेद उरला नव्हता. वाहिनीने एकदम आणखी दोन पर्वांना मंजुरी दिली. पुढच्या वर्षीच्या एमी पुरस्कारांत ग्लेन क्लोज हिला प्रमुख अभिनेत्रीचा आणि झेल्को इवानेक याला साहाय्यक अभिनेत्याचा मान मिळाला. आणि सर्वसाधारण केबल वाहिन्यांवरील मालिकांना सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेच्या नामांकनात प्रथमच जागा मिळाली, ती ‘मॅड मेन’ आणि ‘डॅमेजेस’ या दोन मालिकांच्या रूपाने. मध्यंतरी अमेरिकेतील पटकथालेखकांचा संप होऊन गेला, आणि सुमारे सव्वा वर्षाच्या खंडानंतर, ७ जानेवारी २००९ रोजी, दुसरे पर्व प्रेक्षकांसमोर आले. या वेळी समीक्षेचा सूर पालटलेला होता. नटवर्गाविषयी आदर कायम राहिला, किंबहुना वाढला. परंतु कथानकाची गुंतागुंत अनावश्यक आहे, काळाच्या उलटसुलट उड्या आता कंटाळवाण्या होऊ लागल्या आहेत आणि एवढ्या धाग्यांचा हिशेब ठेवणे प्रेक्षकाच्या कुवतीबाहेरचे आहे, अशा तक्रारी ठिकठिकाणी दाखल झाल्या. यांपैकी एक तक्रार रास्त आहे, मात्र तिची कारणमीमांसा बहुतेकांनी चुकीची केली, असे माझे मत आहे.

टॉड केसलर, ग्लेन केसलर आणि डॅनियल झेल्मन या तिघा निर्मात्यांनी मुळात काय आरंभिले होते ते आधी पाहिले पाहिजे. अमेरिकन दूरचित्रवाणीवर वकील ही काही नवी व्यक्ती नव्हे. १९५७ ते १९६६ अशी नऊ वर्षे पेरी मेसनने दर आठवड्याला एक निरपराध अशील सोडविला, आणि पिंजऱ्यातल्या साक्षीदाराला उलटतपासणीत कोंडीत पकडून खऱ्या गुन्हेगाराकडून कबुली मिळविली. ‘एल.ए. लॉ’ आणि ‘द प्रॅक्टिस’ यांनी त्या साच्यात नीतिविषयक शंका ओतल्या, पण न्यायासन, ज्यूरी आणि अंतिम भाषण ही त्रयी ढळू दिली नाही. ‘तो मी नव्हेच’ पाहत वाढलेल्या मराठी प्रेक्षकालाही न्यायालयीन नाट्य म्हणजे न्यायालयात घडणारे नाट्य हे समीकरण स्वयंसिद्ध वाटते. ‘डॅमेजेस’मध्ये न्यायालय क्वचितच दिसते. पॅटी ह्यूज ही मॅनहॅटनमधील वकीलबाई मोठमोठ्या कंपन्यांविरुद्ध शेकडो वादींच्या वतीने सामुदायिक दिवाणी दावे चालविते, आणि असे दावे बहुधा हुकूमनाम्यापर्यंत पोहोचतच नाहीत. जबान्या घेतल्या जातात, दस्तऐवजांसाठी रस्सीखेच होते, साक्षीदार फोडले जातात, आणि अखेर बंद दालनात तडजोडीचा आकडा ठरतो. या व्यवसायाचे अर्थकारणही आपल्याला अपरिचित आहे. तेथे वादीच्या वकिलाची फी बहुधा मिळालेल्या भरपाईतील हिस्सा म्हणून ठरते. आपल्याकडे निकालावर अवलंबून असणारी फी ठरविण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला मज्जाव केलेला आहे. म्हणजे तेथे वकील हा अशिलाचा मुखत्यारही असतो आणि दाव्यातला भागीदारही, आणि पॅटी ह्यूजच्या स्वभावातील सारे सौंदर्य व सारे विष या दुहेरी भूमिकेतून निपजते.

पहिल्या पर्वातील प्रतिवादी आर्थर फ्रोबिशर याने कंपनी कोसळण्यापूर्वी स्वतःचे समभाग विकून टाकलेले असतात आणि त्याच्या हजारो नोकरांची म्हातारपणाची पुंजी बुडालेली असते. हे वाचताच दाभोळ ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला एन्रॉन आठवल्याशिवाय राहणार नाही, आणि ते आठवणे योग्यच आहे. कथानकाची मुळे त्याच पडझडीत आहेत. ‘चीअर्स’ या विनोदी मालिकेत वर्षानुवर्षे मद्यगृहाच्या मालकाची भूमिका केलेल्या टेड डॅन्सनला हे काम देणे ही निवड करणाऱ्यांची कमाल होती. ज्याला आपण दुष्ट माणूस आहोत याचा पत्ताच नाही असा दुष्ट माणूस त्याने उभा केला.

आता समीक्षकांच्या मुख्य तक्रारीकडे, म्हणजे काळाच्या मोडतोडीकडे, वळू. पहिल्या पर्वाच्या आरंभी लिफ्टचे दार उघडते आणि रक्ताने माखलेली, अंगावर जेमतेम एक कोट असलेली एलन पार्सन्स ही तरुण वकील न्यूयॉर्कच्या रस्त्यावर धावत सुटते. मग कथा सहा महिने मागे जाते, आणि तीच मुलगी पॅटी ह्यूजच्या कचेरीत नोकरी मिळविण्यासाठी उत्सुक झालेली दिसते. बहिणीचे लग्न आहे म्हणून ती मुलाखतीला जात नाही, तर पॅटी स्वतःच त्या लग्नात येऊन उभी राहते. त्यापूर्वी एक वृद्ध वकील, हॉलिस नाय, आपल्या व्हिजिटिंग कार्डाच्या मागे, आपल्याला आधीच सावध करण्यात आले होते, अशा अर्थाचे वाक्य तिच्याकडून लिहवून घेतो आणि ते जपून ठेवतो. कागदाचा हा चिटोरा म्हणजे संपूर्ण मालिकेतील सर्वांत भेदक दस्तऐवज होय. वकिली व्यवसायातील भय, त्यातला सावधपणा आणि त्यातली थट्टा ही तिन्ही त्या एका कृतीत एकवटली आहेत. पहिल्या भागाच्या अखेरीस एलनच्या नियोजित वराचे प्रेतही आपल्याला दिसते. म्हणजे कोण मेले ते ठाऊक आहे, कोणावर आळ आला ते ठाऊक आहे. अज्ञात आहे ती कारणपरंपरा. पुढील प्रत्येक भागात भविष्याचा जो तुकडा दाखविला जातो तो एखाद्या पुराव्यासारखा येतो, आणि वर्तमानातील साध्या संभाषणालाही वेगळाच अर्थ देऊन जातो.

दुसऱ्या पर्वाच्या आरंभी एलन एका खोलीत बसलेली आहे, हातात पिस्तूल आहे, समोर कोणी तरी आहे. ती त्या व्यक्तीशी सावकाश, जवळजवळ गोडीने बोलते आणि गोळी झाडते. समोर कोण आहे ते मात्र कॅमेरा दाखवीत नाही, आणि पर्व संपत येईपर्यंत दाखवीतच नाही. तंत्र तेच आहे असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल, आणि बहुतेक समीक्षकांना तसे वाटलेही. म्हणूनच ‘जुनीच युक्ती पुन्हा’ असा शेरा त्यांनी मारला. वस्तुतः युक्ती जुनी नव्हती, हीच अडचण होती. पहिल्या पर्वाने कार्य सांगून कारण शोधावयास लावले. दुसऱ्याने केवळ एक चेहरा झाकून ठेवला. कारणाचा शोध तेरा भाग पुरतो, कारण प्रत्येक नव्या माहितीने तो बदलतो. झाकलेल्या चेहऱ्याविषयीचे कुतूहल तीन-चार भागांत शिळे होते, कारण त्यात भर पडण्यासारखे काही नसते. प्रेक्षक कंटाळला तो उड्यांना नव्हे. उडी मारून पोहोचल्यावर हाती काही लागत नाही, याला कंटाळला.

येथे ‘मर्डर वन’ या मालिकेचा दाखला देणे अवश्य आहे, कारण पुनरागमनाच्या भयाने मालिका स्वतःचा घात कसा करून घेते याचा तो उत्तम नमुना आहे. स्टीव्हन बोच्को याने १९९५ मध्ये एकच खुनाचा खटला संपूर्ण पर्वभर चालविण्याचे धाडस केले. प्रशंसा झाली, प्रेक्षक मात्र बेताचेच लाभले. तेव्हा दुसऱ्या पर्वात नायकच बदलण्यात आला, एका खटल्याचे तीन खटले करण्यात आले, आणि १९९७ मध्ये मालिका संपुष्टात आली. ‘डॅमेजेस’च्या निर्मात्यांनी असे काही केले नाही. त्यांनी कथेची चौकट सांभाळली, पात्रे सांभाळली, आणि पहिल्या पर्वाचे परिणाम दुसऱ्याच्या खांद्यावर टाकले: एलन आता पॅटीच्या कचेरीत काम करीत असतानाच एफबीआयची गुप्त खबरी झालेली असते, पॅटीला अडकविण्यासाठी.

या पर्वातील दावा अल्टिमा नॅशनल रिसोर्सेस नावाच्या ऊर्जाकंपनीविरुद्ध आहे, आणि वेस्ट व्हर्जिनियातील विषारी द्रव्याच्या प्रदूषणापासून त्याचा आरंभ होतो. वेस्ट व्हर्जिनिया म्हटल्यावर भारतीय प्रेक्षकाच्या मनात एक निराळी घंटा वाजते, कारण भोपाळमधील वायूचीच निर्मिती करणारा युनियन कार्बाइडचा कारखाना त्याच राज्यातील इन्स्टिट्यूट या गावी होता. मालिकेचा त्याच्याशी संबंध नाही, परंतु विषाची कथा सांगताना ज्यांच्या शरीरात ते गेले त्यांच्याकडे ती पाहील अशी अपेक्षा आपण साहजिकच बाळगतो. ती अपेक्षा फोल ठरते. दावा अर्ध्यावर येतो न येतो तोच विष मागे पडते आणि ऊर्जाबाजारातील भावांची हेराफेरी पुढे येते. ज्यांच्या नावाने सारी यंत्रणा हलते ती माणसे जवळजवळ अदृश्यच राहतात. कथानक गुंतागुंतीचे आहे अशी ओरड करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी या पोकळीवर बोट ठेवले. सारे धागे वकिलांच्या दालनांतून निघून वकिलांच्याच दालनांत परततात, हा या पर्वाचा खरा दोष आहे. एफबीआयचे उपकथानकही अशक्त आहे, याविषयी मी तक्रारदारांशी सहमत आहे.

अभिनयाच्या बाबतीत समीक्षकांनी न्याय केला, पण तोही अपुरा. डॅनियल पर्सेल या शास्त्रज्ञाच्या भूमिकेत विल्यम हर्ट आला. ‘द बिग चिल’ या १९८३ च्या चित्रपटात तो आणि क्लोज एकत्र होते, आणि पंचवीस वर्षांनंतरच्या या भेटीत त्यांच्यातील जुनी ओळख पडद्यावर दिसते. हर्ट वाक्याच्या मध्येच थांबतो, जणू पुढचा शब्द उच्चारला तर तो पुराव्यात दाखल होईल. क्लोज मात्र त्याला वाक्य पुरे करू देते, डोळे न हलविता. कंपनीची वकील क्लेअर मॅडॉक्स हिच्या रूपाने मार्शा गे हार्डनने क्लोजसमोर तुल्यबळ प्रतिस्पर्धी उभी केली. परंतु सर्वाधिक श्रेय रोझ बर्न हिला द्यावयास हवे होते. पहिल्या पर्वात ती फिकी वाटते असे म्हणणारे काही होतेच. त्यांनी हे ध्यानात घेतले नाही की एलनचे तेव्हाचे फिकेपण ही भूमिकेची गरज होती, आणि दुसऱ्या पर्वात ती जसजशी पॅटीची भाषा, पॅटीचे मौन आणि पॅटीचे खोटे हसू आत्मसात करू लागते, तसतसा तो जुना निरागसपणा मागाहून अर्थपूर्ण होतो. २००९ च्या एमी नामांकनांत तिचे नाव आले. पुरस्कार सलग दुसऱ्यांदा क्लोजलाच मिळाला.

समीक्षापद्धतीविषयीही एक गोष्ट बोलून दाखविणे भाग आहे. त्या काळी वृत्तपत्रांच्या समीक्षकांना वाहिनीकडून सुरुवातीचे काही भाग आगाऊ मिळत, आणि पर्व सुरू होण्याच्या सुमारास त्यांचा अभिप्राय छापून येई. आठवड्याला एक भाग याप्रमाणे चालणाऱ्या, मुद्दाम उलट्या क्रमाने पुरावे मांडणाऱ्या मालिकेबाबत हा प्रकार म्हणजे साक्षी नोंदविण्यापूर्वीच निकालपत्र लिहिण्यासारखा आहे. गुंतागुंतीविषयीचे पुष्कळसे शेरे अशा घाईत लिहिले गेले, आणि अखेरचे भाग पाहून ते फिरविण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली.

पुढे जानेवारी २०१० मध्ये तिसरे पर्व आले. बर्नार्ड मॅडॉफच्या प्रचंड लबाडीवरून सुचलेले टोबिन कुटुंबाचे ते कथानक सांगताना निर्मात्यांनी पहिल्या भागाच्या अखेरीसच पॅटीचा विश्वासू सहकारी टॉम शेज मरणार हे उघड करून टाकले, आणि का मरणार याचा शोध पर्वभर चालविला. म्हणजे ते पहिल्या पर्वाच्या पद्धतीकडे परतले, आणि कंटाळ्याची तक्रार करणाऱ्यांना उड्या तितक्याच असूनही ते पर्व मालिकेतील सर्वांत बांधेसूद आहे हे कबूल करावे लागेल. दुसऱ्या पर्वावरील रचनेचा ठपका मी कायम ठेवीन. एलनच्या पात्राविषयीचा ठपका मात्र मला रद्द करावासा वाटतो, कारण पुढच्या तिन्ही पर्वांनी जिच्या जोरावर वाटचाल केली ती एलन या पर्वातच घडली. एफएक्सने घटत्या प्रेक्षकसंख्येमुळे तिसऱ्या पर्वानंतर मालिका सोडली. उरलेली दोन पर्वे, प्रत्येकी दहा भागांची, डायरेक्टटीव्हीच्या ऑडियन्स नेटवर्कवर दाखविली गेली, आणि एकूण ५९ भागांनंतर सप्टेंबर २०१२ मध्ये ‘डॅमेजेस’ संपली.