माडाचे चित्र आणि माडाचे जाणकार

‘होर्तुस मलाबारिकुस’, म्हणजे ‘मलबारची बाग’, हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅम येथे छापला गेला. तो सिद्ध करविला डच कंपनीचे मलबारमधील अधिकारी हेन्द्रिक व्हान रीड यांनी. त्याचा आरंभच माडाने होतो आणि या एका झाडाला चार चित्रफलक दिलेले आहेत.

तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या या चित्रांत रंग नाही. शोभेसाठी झाड वाकविलेले नाही. आधी उभा माड, मग फुलोरा आणि फळ, अशी नजर क्रमाने जवळ येते. झाडाचे नाव रोमन, मल्याळम, अरबी आणि नागरी अशा चार लिप्यांत दिले आहे. रेषेचा हा संयम आम्हांला फार मोलाचा वाटतो.

परंतु शहाळ्याची गोडी, सोडणाचा काथ्या, करवंटीची डवली, माडी आणि खोबरेल रेषेत कशी मावणार? झाडांचे उपयोग सांगावयास जाणकारच हवेत. ते होते इट्टी अच्युतन हे ईळवा समाजातील वैद्य. माडावर चढून माडी काढणे हा त्या समाजातील अनेकांचा पिढीजात व्यवसाय. त्यांच्या जोडीला रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोकणी वैद्य होते. या तिघांचे नागरी लिपीतील कोकणी निवेदन पहिल्याच खंडात छापलेले आहे.

कार्मेलाईट संन्यासी फादर मॅथ्यू यांनी आरंभीची रेखाटने केली. ती अपुरी ठरली आणि काम नव्याने हाती घेण्यात आले. तरीही कॅथलिक-प्रॉटेस्टंट वितुष्टाच्या त्या काळात एका प्रॉटेस्टंट अधिकाऱ्याने कॅथलिक संन्याशाचे साहाय्य घेतले, ही गोष्ट लहान नव्हे.

या ग्रंथाचे खरे थोरपण आम्हांला येथे दिसते: ज्ञान ज्यांच्याकडून घेतले, त्यांची नावे त्याने राखली. उणीव एवढीच की, खोबरे वाटणाऱ्या आणि झाप विणणाऱ्या स्त्रिया मात्र या जाणकारांच्या नामावलीत नाहीत. गोव्यात लग्नाआधी वधूवरांना नारळाचा रोस लावतात. तो काढणाऱ्या हातांचे ज्ञानही असेच निनावी राहते. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारून ते आपण लिहून ठेवू शकतो. मात्र त्याखाली सांगणारीचे नाव अवश्य असावे.