क्षमेचा हिशेब: मत्तय, अध्याय १८

क्षमेचा विषय निघाला की आपण लगेच उपदेशाकडे वळतो. आज मत्तयच्या शुभवर्तमानातला अठरावा अध्याय आपण एक संहिता म्हणून वाचू, आणि ती जिथे अडते तिथे आपणही थांबू.

पेत्र विचारतो, अपराध करणाऱ्या भावाला किती वेळा क्षमा करायची? सात वेळा? येशूच्या उत्तरातला आकडा कुणी ७७ वाचतात, कुणी सत्तर गुणिले सात, म्हणजे ४९०. पण हा आकडा आला कुठून? उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात लामेख आपल्या दोन बायकांपुढे फुशारकी मारतो: मला जखम करणाऱ्याला मी ठार केलं, काइनाचा सूड सातपट, तर माझा ७७ पट. जुन्या ग्रीक भाषांतरात लामेखाच्या तोंडी जो शब्दप्रयोग आहे, तोच मत्तयमध्ये येशूच्या तोंडी आहे. या दोहोंच्या मधे निर्गमातला नियम येतो, डोळ्याबद्दल डोळा. आपण त्याला क्रूर म्हणतो, पण लामेखाशेजारी ठेवून बघा. एका डोळ्याबद्दल एकच, जास्त नाही! तो सुडाला घातलेला लगाम आहे.

मग येशू गोष्ट सांगतो. राजा एका सेवकाचं १०,००० तालांतांचं कर्ज माफ करतो. तोच सेवक बाहेर पडून, १०० दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो आणि त्याला तुरुंगात टाकतो. हे दुसरं कर्ज किरकोळ होतं, असं सांगितलं जातं. होतं का? दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. तीन महिन्यांहून जास्त कमाई ती. हातावर पोट असलेल्याला विचारा. तालांत साधारण ६,००० दीनारांचा, म्हणजे पहिलं कर्ज सहा लाख पट मोठं, हे खरं. पण त्यामुळे दुसरं खोटं ठरत नाही. क्षमा करणाऱ्याचं खरोखर काही जातं, हे संहिता लपवत नाही.

त्याच अध्यायात थोडं आधी सांगितलंय: भाऊ चुकला तर एकांतात चूक दाखव, ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत ने, तरीही नाही तर मंडळीला सांग. म्हणजे क्षमा कर याचा अर्थ गप्प बस असा नव्हे. घरात मार खाणाऱ्या बाईला ‘सोडून दे’ म्हणताना आपण हा भाग सोयीने गाळतो.

आता अडचण. राजा संतापून माफी मागे घेतो आणि सेवकाला छळ करणाऱ्यांच्या हवाली करतो. पेत्राला ७७ वेळा, आणि राजाची क्षमा एकदाच? वर बजावलं जातं की मनापासून क्षमा केली नाहीत, तर तुमचंही असंच होईल. मनापासून आणि भीतीपोटी, दोन्ही एकत्र कसं जमावं? कान्ट वाचलेल्याला हे खटकणारच. ही विसंगती झाकून टाकावी असं आम्हाला वाटत नाही.

तरी गोष्टीचं बळ आम्हाला शेवटच्या धमकीत नाही, मधल्या एका तपशिलात दिसतं. सेवकाने राजाकडे मुदत मागितली होती, माफी नव्हे. माफी राजाने आपणहून दिली. सोबत्यानेही सेवकाकडे जवळपास त्याच शब्दांत मुदतच मागितली. कर्जावर पाणी सोड, असं कुणी म्हणत नव्हतं. थोडं थांबायचं होतं, आणि तेवढंही त्याच्याने झालं नाही. ७७चा आकडा आपल्याला झेपो न झेपो, निदान गळ्यावरचा हात तरी काढता येतो.

इथे थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.