अद्भुतरम्य कथेतील नायिका आणि वजीरजादी

मराठी कादंबरीच्या आरंभकाळाची चर्चा करताना नारो सदाशिव रिसबूड यांच्या 'मंजुघोषा'ची (१८६८) प्रस्तावना हमखास पुढे केली जाते. आपल्या लोकांचे विवाह, रूढी आणि रोजचे जगणे यांत मन रमवील असे काही नाही, म्हणून कादंबरीकाराला अद्भुताकडे वळावे लागते, असा तिचा आशय आहे. हा युक्तिवाद पटण्यासारखा नाही. बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' त्याआधी अकरा वर्षे, १८५७ मध्येच प्रसिद्ध झाले होते आणि ते विधवांच्या हालअपेष्टांवर उभे होते. म्हणजे विषय नव्हता असे नाही, तो नकोसा होता. घरातील स्त्रीकडे पाठ फिरवून लेखक राजवाड्यात गेला आणि तिथेही त्याने रूपवती, पतिव्रता, संकटात सापडलेली स्त्रीच उभी केली. लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या 'मुक्तामाला'पासून (१८६१) हा साचा चालत आला आहे.

उर्दूत चित्र थोडे वेगळे दिसते. मीर हसन यांच्या 'सिहरुल बयान' (१७८४-८५) या मसनवीत शहजादी बद्रे मुनीर विरहात झुरत बसते. शहजादा बेनजीरवर भाळून त्याला उचलून नेणारी माहरुख परी खलनायिका ठरते. इच्छा व्यक्त करणारी स्त्री परी असली तरी कवीला चालत नाही! मात्र वजीराची मुलगी नज्मुन्निसा जोगणीचा वेश घेते, बीन वाजवत रानोमाळ फिरते, आणि जिनांच्या बादशहाचा मुलगा फिरोजशाह तिच्यावर भुलल्यावर त्याच्याकडूनच बेनजीरची सुटका करवून घेते. सगळी मसनवी तिच्या अकलेवर चालते. तरी ती नायिका नव्हे, नायिकेची सखी. पुरुष लेखक स्त्रीला कर्तृत्व देतो, पण दुसऱ्या क्रमांकाच्या स्त्रीला; आणि शेवटी तिलाही लग्नमंडपात आणून बसवतो.

लोककथा तरी याहून उदार असते का? पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर होणाऱ्या गोटमारीची प्रचलित कथा पाहावी. पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावची मुलगी पळवून नेली, नदी ओलांडताना दोन्ही काठांवरून दगड आले आणि दोघे मेले. या कथेत मुलगी नेली जाते, अडवली जाते, मारली जाते. ती स्वतःच्या मर्जीने निघाली होती की नाही, हे कथेला महत्त्वाचे वाटत नाही. तिला नावही नाही. (नाव मुलालाही नाही, हे खरे, पण पळवून नेण्याची कृती तरी त्याच्या वाट्याला आहे.)

पांढुर्णा-सौंसर परिसरात मराठी आणि उर्दू दोन्ही वाचणाऱ्या मुली आहेत. त्यांच्यासमोर मसनवी ठेवताना आपण सरापा, म्हणजे नखशिखान्त सौंदर्यवर्णन, शब्दार्थांसह शिकवतो आणि जोगणीचा प्रसंग कथानकाच्या सारांशात उरकतो. तोच प्रसंग आधी वाचायला घेतला, तर पहिला प्रश्न असा येईल: बद्रे मुनीर स्वतः का गेली नाही? मसनवीत त्याचे उत्तर नाही. शहजादीने वाट पाहायची असते, हे मीर हसन यांनी गृहीतच धरले आहे.