शब्दाचे वय

इंग्रजी ग्रंथांच्या मराठी अनुवादांची परीक्षा करताना समीक्षक बहुधा दोन प्रश्न विचारतो : अर्थ बरोबर उतरला आहे काय, आणि मराठी ही मराठीसारखी वाटते काय? त्यांच्या आधीचा प्रश्न मात्र उपेक्षित राहतो. मूळ लेखकाने तो शब्द योजला तेव्हा त्याचा अर्थ काय होता आणि उच्चार कसा होत होता? संस्कृतात प्रीतीचा वाचक असलेला 'राग' मराठीत क्रोधाचा वाचक झाला, हे जाणणाऱ्याने तरी इंग्रजी शब्द सदैव एकरूप असतो असे मानू नये.

अलेक्झांडर पोपच्या 'द रेप ऑफ द लॉक' या उपहासकाव्यात (विस्तारित आवृत्ती १७१४) 'ओबे' आणि 'टी' यांचे यमक आहे. आजच्या कानाला ते सदोष वाटते. परंतु त्या काळी 'टे' हा उच्चार प्रचलित होता. अ‍ॅन राणी कधी सल्ला घेते, कधी चहा, अशी ती थट्टा असून तिचा आघात नेमका यमकावर पडतो. म्हणजे अनुवादाची ओळही 'चहा'वरच संपली पाहिजे. मराठीत ते अवघड नाही. 'घेणे' हे क्रियापद सल्ला आणि चहा या दोहोंना सारखेच शोभते, आणि दुसऱ्यांदा ते गाळले की काम होते.

शेक्सपिअरच्या 'लव्हज लेबर्स लॉस्ट' या १५९८ साली छापलेल्या नाटकातील होलोफर्निस हा पंतोजी, 'डेट' या शब्दातील 'बी' लोक उच्चारीत नाहीत म्हणून संतापतो. वस्तुतः फ्रेंचमधून इंग्रजीत आलेल्या या शब्दात ते अक्षर नव्हतेच. लॅटिन 'डेबिटम'चे स्मरण राहावे म्हणून पंडितांनी ते लेखनात घुसविले. हा विनोद देवनागरीत येणे अशक्य, असे म्हटले जाते. ते मला मान्य नाही. १९६२ च्या लेखननियमांपूर्वी आपणही 'नांव' या शब्दावर अनुच्चारित अनुस्वार देत होतो. तो नाकातून उच्चारलाच पाहिजे असा हट्ट धरणारा शास्त्री उभा केला, तर होलोफर्निस मराठीत अवतरतो. तळटीपेने हे साधत नाही.

अर्थाच्या बाबतीत 'ह्यूमर' हा शब्द सर्वांत फसवा आहे. बेन जॉन्सनचे 'एव्हरी मॅन इन हिज ह्यूमर' १५९८ मध्येच रंगभूमीवर आले. त्या शीर्षकात विनोद शोधणे व्यर्थ होय. रक्त, कफ, पिवळे पित्त व काळे पित्त या चार द्रवांपैकी ज्याचे आधिक्य, तसा माणसाचा स्वभाव, ही युरोपीय वैद्यकातील कल्पना त्यामागे आहे. आयुर्वेदाच्या परंपरेने मराठीला 'प्रकृती' हा शब्द दिला आहे. त्यात देह आणि स्वभाव दोन्ही सामावतात. ज्या भाषेत आजही संतापलेल्या माणसाचे 'पित्त खवळते', तिला जॉन्सन परका वाटण्याचे कारण नाही. 'विनोद' हा प्रतिशब्द मात्र नाटकाचा पायाच काढून घेतो.

ऐतिहासिक तत्त्वावर रचलेला ऑक्सफर्डचा इंग्रजी कोश १८८४ पासून खंडशः निघून १९२८ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा साधनांची उणीव आहे असे म्हणता येत नाही. उणीव आहे ती चौकशीची. वरील तिन्ही ठिकाणी मराठीजवळ उत्तर तयार होते. शब्दाचे वय विचारल्यावाचून ते सापडणारे नव्हते. 'अननुवाद्य' हा शेरा मारण्याचा अधिकार अनुवादकाला त्या चौकशीनंतरच प्राप्त होतो, आणि समीक्षकालाही.